सईची उडी

माझी भाची सई पंक गाते, म्हणजे पैसेवाल्यांच्या नावानं अगदी बेंबीच्या देठापासून ओरडते. गेल्या महिन्यात तिनं आपलं एक गाणं मसाल्याच्या जाहिरातीला दिलं, आणि तेव्हापासून तिचेच चाहते तिला शिव्या घालताहेत.

म्हणून परवा मी मुद्दाम कार्यक्रमाला गेले. स्टेजसमोर पोरं एकमेकांना धडका देत होती, कोपरं मारत होती. एकाचं तर नाक फुटलेलं. पण त्यांची एक रीत बघा हं, कुणी पडलं की चार हात त्याला उचलायचे आणि मग पुन्हा धक्के सुरू. इतकी मायेची मारामारी मी आमच्या नळावरसुद्धा पाहिली नाही.

गाणं रंगात आलं तशी सई नेहमीसारखी स्टेजच्या कडेपर्यंत धावत आली आणि खालच्या गर्दीवर झेपावली. "विकाऊ!" कुणीतरी ओरडलं, आणि झेलणारे हात बाजूला झाले. पोरगी तोंडावर सिमेंटवर आपटली. कुणीही वाकलं नाही.

उपाशी ओरडत होती तोवर ती यांची होती. भरल्या पोटी राग येत नाही, असं यांना कुणी सांगितलं? मला तर जेवल्यावरच भांडायला जोर येतो.

मी धावत गेले. तिनं माझा हात झटकला.

"थांब मावशी. त्यांना उचलू दे."

ओठातून रक्त गळत होतं. ती वाट बघत पडून राहिली. कुणी आलं नाही. मग स्वतःच उठली, स्टेजवर चढली आणि पुन्हा उडी घ्यायला चार पावलं मागं सरकली.