एका चादरीचे कपाट

आमच्या इमारतीच्या जिन्यात एकदा कपाट अडकले आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते.

ही एकोणीसशे सत्तरनंतरची, नव्या पेठेतली गोष्ट. खाली चादरींची दुकाने आणि वर बिऱ्हाडे. सकाळी दुकानांच्या फळ्या उघडल्या की कोऱ्या सुताचा आणि ओल्या रंगाचा वास जिन्याने हळूहळू वर चढे, आणि दुपारच्या उन्हात सज्जाच्या लाकडी जाळीची सावली भिंतीवर नक्षी विणत बसे. (मी मराठीची एम.ए. सावल्यांकडे पाहण्यात माझे दूध बरेचदा उतू जाई.) या लाकडी नक्षीकामापायी सरकारने इमारत संरक्षित ठरवली होती. तेव्हापासून घरमालक नरसय्याशेठ आम्हांला भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नसत.

नरसय्याशेठ स्वतः चादरींचे व्यापारी, म्हणून इमारतीत फूट-इंच कोणी बोलतच नसे. माप सारे चादरीचे! आमची पुढची खोली तीन चादरींची, स्वयंपाकघर दीड चादरीचे. त्यामुळे माझ्या माहेरहून सागवानी कपाट करून देण्याचे ठरले, तेव्हा माप कसे घ्यायचे हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

खरे तर माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, विचारले होते, "वहिनी, जिना मी मोजू का?" वन्सं गणिताच्या पदवीधर. मी म्हटले, "छे! तुम्ही मुलाखतीची तयारी करा. एवढे का मला जमत नाही?"

जिना खाली ऐसपैस आहे, पण आठव्या पायरीवर दोन कोरीव खांबांमध्ये आवळतो. तिथे मी आमची चादर धरली. खांबापासून खांबापर्यंत तिचा पन्हा नेमका बसला. मी भवानी पेठेत महादू सुताराकडे निरोप धाडला : कपाटाची रुंदी एक चादर, वजा चार बोटे.

कपाट आले ते नेमके वन्संच्या मुलाखतीच्या दिवशी. मुलींच्या शाळेत अकरा वाजता त्यांना गणिताच्या जागेसाठी बोलावले होते. वर्षभरात आलेले हे पहिलेच बोलावणे. घड्याळात दहा वाजले होते. वन्सं वर कडक इस्त्रीची साडी नेसत होत्या. मी खाली उभी राहून हमालांना हुकूम सोडत होते. कपाटाची पाठ आमच्याकडे, दारे वरच्या बाजूला. आठव्या पायरीवर ते जरा कुरकुरले.

"वहिनी, लागतंय की वो हितं," महादू म्हणाला.

"नवे आहे, लाजते! अजून जरा रेटा!"

त्यांनी रेटले. सागवान एकदाच कण्हले आणि गप्प झाले. मग ते वर जाईना, की खाली येईना. आणि इमारतीला जिना हा एकच!

"कोण आहे तिकडे?" कपाटापलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "जिन्यात अंधार कुणी केला?"

"मी!" मी म्हणाले. खोटे कशाला बोला?

"अगं, हिला साडेदहाला निघायचंय!"

महादूने करवत काढली. "ह्यो खांब जरासा तासू का?"

"अय्यो!" नरसय्याशेठ दुकानातून कापड मोजायच्या गजासकट धावत आले. "खांबाला हात लावायचा नाय! सरकारी खांब हाय तो!"

"मग कपाट कापतो."

"ते माझ्या माहेरचे आहे!" मी कपाटाला मिठी मारली. ताज्या पॉलिशचा उग्र वास नाकात शिरला आणि डोळ्यांत पाणी आले. (ते पॉलिशमुळेच, असे मी पुढे अनेक वर्षे सांगितले.)

"पण मापात चूक कशी झाली?" शेठांनी विचारले.

"म्या वहिनींनी सांगितलं तसंच केलं," महादू म्हणाला. "तुमच्याच दुकानातली कोरी चादर आणली, चार बोटं सोडली."

"कोरी?" मी विचारले. "मी तर घरातली धरली होती."

"किती वर्सांची?" महादूने विचारले.

"सासूबाईंच्या लग्नातली."

शेठांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, सुती चादर धुण्यात आटती की! इतक्या वर्षांत वीतभर तर गेली असंल!"

आता सगळे एकदम बोलू लागले. हमाल म्हणाले, दोर लावा. सासूबाई म्हणाल्या, दोर लावून माझी पोर सज्जातून सोडणार आहात का? शेठ म्हणाले, सज्जाला दोर बांधायचा नाय, तोही सरकारी! मी कोणाच्या बाजूने बोलते आहे हे मलाच कळेना. दहा वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

तेवढ्यात कपाटाची दारे करकरत उघडल्याचा आवाज आला आणि पोटातून वन्संचा स्वर घुमला, "महादूमामा, फळ्या बसवल्यात का आत?"

"न्हाय ताई, वर आल्यावर बसवणार हुतो."

"मग पाठीची लाकडं काढा. मी सरळ चालत येते."

इतकी माणसे, आणि दार उघडून पाहण्याचे एकालाही सुचले नव्हते! मी मिठी सोडली. महादूने चार ठोक्यांत पाठ उतरवली. आणि माझ्या माहेरच्या कपाटातून, लाकडाचा भुसा झटकीत, इस्त्रीची घडीही न मोडता वन्सं बाहेर पडल्या आणि रिक्षात बसल्या.

संध्याकाळी परतल्या त्या पेढे घेऊन, त्याच कपाटातून.

"काय विचारले?" मी भीतभीत म्हटले.

"मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, पाच मिनिटं उशीर का? मी सगळं सांगितलं. बाई हसूनहसून बेजार झाल्या. म्हणाल्या, हेच पोरींना शिकवायला हवं, उद्यापासून या."

म्हणजे ती नोकरी काही अंशी माझ्यामुळेच लागली, असे माझे आजही ठाम मत आहे. तो अंश नेमका किती, हे मात्र मी कधी काढले नाही. त्या कपाटानंतर घरच्यांनी मला काही मोजूच दिलेले नाही.