नंदूचं तोरण

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात तोरण मी मारलं, त्यामुळे जयपूरच्या रिवाजाप्रमाणे नवरी माझी झाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यांची बदली तिथल्या छावणीत झाली होती आणि तिशीचा नंदू आमच्याजवळच राहायचा. त्याला गोष्टी उशिरा कळायच्या. (लोक ‘मंदबुद्धी’ म्हणायचे. माझ्यासमोर एकदाच म्हणायचे!) मालवीय नगरात अशा मोठ्या मुलांच्या एका कार्यशाळेत तो मेणबत्त्या करायचा. शेजारी बसून विमला वाती कापायची. तिलाही सगळं उशिराच कळायचं, पण एक गोष्ट दोघांना भलतीच लवकर कळली. एक दिवस घरी येऊन म्हणाला, “ताई, मला विमलाशी लग्न करायचंय.”

झालं! साताऱ्याहून काकांचा ट्रंक कॉल.

“अगं, त्याला शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत!”

“तुमची तरी कोण लावतं, काका? काकूच ना?”

फोन कट. तिकडे विमलाचे ताऊजी, म्हणजे तिचे मोठे काका, अडून बसलेले. “ये दोनों घर कैसे चलाएँगे?” मी त्यांच्याशीही कडाकडा भांडले. शेवटी विमलाने जेवण सोडलं, तेव्हा कुठे ते नमले.

लग्नाच्या दिवशी नंदू साफा बांधून घोडीवर, तोंडभर हसत. मी मात्र पदर खोचून तयार! विमलाच्या दारावर रंगीत लाकडी पोपटांचं तोरण टांगलेलं. कुणीतरी नंदूच्या हातात काठी दिली.

“मारो, कँवर साब, मारो!”

नंदू थांबला. काठीकडे बघितलं, पोपटांकडे बघितलं. ताऊजी कुणाच्या तरी कानात पुटपुटले आणि माझं डोकंच सणकलं. परीक्षा घेतायत मेले! भर रस्त्यात!

“मेरे भाई का इम्तिहान लेते हो?” असं ओरडत मी काठी हिसकावली आणि असा तडाखा हाणला, की पोपटांसकट तोरण खाली!

मग बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. “बहनजी, तोरण तो हर दूल्हा मारता है! अब फेरे भी आप ही लीजिए!”

“मग माझं काय?” आमचे हे मिशीत हसत म्हणाले.

पण ताऊजींना आयतं निमित्त मिळालं. “तोरण दूल्हे ने नहीं मारा. अपशगुन है. शादी नहीं होगी!”

मी घाईघाईने काठी परत नंदूच्या हातात कोंबली. नंदूची हनुवटी थरथरायला लागली.

तेवढ्यात लाल ओढणी सावरत खुद्द विमला दारात. “मैं दीदी से शादी नहीं करूँगी! नंदू से करूँगी!”

नंदू आपला आपण घोडीवरून उतरला. तोरण उचललं, थेट ताऊजींच्या हातात दिलं.

“पकड़िए. ऊपर.”

ताऊजी विमलाकडे बघायला लागले.

“ऊपर, ताऊजी!” ती गरजली.

बिचाऱ्यांनी दोन्ही हातांनी तोरण डोक्यावर धरलं. नंदूने त्याला अलगद काठी टेकवली आणि बँड सुरू झाला.

मंडपात मी डोळे पुसत त्याचा साफा सारखा करायला गेले. त्याने माझा हात बाजूला केला.

“ताई, तू लांब बस.”

“अरे, तुझ्या लग्नासाठी मी किती जणांशी भांडले!”

“हो,” नंदू म्हणाला, “पण मोडत होतं ते तुझ्यामुळेच.”