प्रक्षेत्र सहायक, पद एक

खालापूरकडच्या एका खासगी कृषी विद्यापीठात नियम सरकारी आणि पगार खासगी, अशी सोय आहे. तिथल्या भात-प्रकल्पावर संजना भोईर सोळा वर्षं रोजंदारीवर होती. काम नाजूक. भाताचं फूल उमलण्याआधी टोक छाटायचं, चिमट्याने आतले सहाही परागकोश काढायचे, मग दुसऱ्या वाणाचा पराग घालून संकर करता येतो. फूल उमललं की परागकोश बाहेर पडतात आणि खेळ संपतो. विद्यापीठाचे दोन वाण तिच्या चिमट्यातून आले. संशोधन-निबंधात आभार ‘मजूरवर्गाचे’ मानलेले होते.

यंदा कायम जागा निघाली. प्रक्षेत्र सहायक, पद एक, वयोमर्यादा चाळीस. संजना मार्चात चाळिशी ओलांडणार होती आणि रोजंदारी महिनाअखेर बंद होणार होती.

परीक्षा नऊला होती. समिती साडेबाराला आली. परीक्षेच्या लोंब्या मात्र वक्तशीर. सातलाच शेतातून कापून ग्लासात उभ्या. शेंड्याची दहा फुलं छाटायची. आत परागकोश सापडला की एक गुण कमी.

आधीच्या तिघांना दहापैकी दहा मिळाले. त्यांतला धनेश पदविकाधारक. त्याने चिमटा आयुष्यात प्रथमच धरला होता.

संजनाने लोंबी उजेडाला धरली. फुलात परागकोशांची सावलीसुद्धा नव्हती. छाटलं तर दहा गुण आपलेच.

“सायेब, हे सगलं फुलून गेलंय. आत काय नाय.”

“तिघांना जमलं, बाई. तुम्हालाच अडचण?” समितीचे अध्यक्ष म्हणाले.

“आत नायच तर काढू काय?”

तज्ज्ञ सदस्यांनी भिंग घेऊन एक फूल उघडलं. मग दुसरं. परीक्षा रद्द करायची तर कारण लिहावं लागणार आणि कारण साडेतीन तास उशिरा गाडीतून उतरलं होतं.

“ह्यांना ताजी लोंबी आणा,” अध्यक्ष म्हणाले. “आधीचे गुण नोंदले गेलेत.”

ताजी लोंबी आली. समितीचे चौघं तिच्या डोक्याशी येऊन उभे राहिले. संजनाने कात्री तिरकी धरली. पहिलं फूल, सहा. दुसरं, सहा. सातव्याला चिमटा निसटला. पुढचं तिला नीटसं आठवत नाही. तज्ज्ञांनी भिंगातून प्रत्येक फूल पाहिलं आणि सातव्यापाशी थांबले.

“एक राहिला,” ते खाली मान घालून म्हणाले. “नऊ.”

चारला यादी लागली. दहा गुणवाल्या तिघांत बरोबरी, म्हणून वयाने मोठा धनेश निवडला गेला होता. कारकून किशोर तिला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, काय गं केलंस? बरोबरीत वय धरतात. सगळ्यांत मोठी तूच. गप छाटली असतीस तर आत्ता पेढे वाटत असतीस.”

संजनाने यादी पुन्हा वाचली. मग टेबलावरचा कोरा कागद त्याच्याकडे सरकवला.

“अनुभवाचा दाखला दे मला. सोला वर्षांचा.”

“देतो की. काय लिहू?”

“काम लिव. आनि धापैकी नऊ लिव. खऱ्या फुलावर.”