पदराआडून दिलेला घास

शोभाबाईला किळस यायची, आणि ती ते लपवत नसे. भेस्तानच्या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांत तिचा सासरा भिकन तीन वर्षांपासून एकेक गोष्ट विसरत चालला होता. जन्मभर कापडाच्या लूमवर उभा राहिलेला माणूस, पण आता त्याला संडास कुठे तेही आठवेना. त्याच्या चादरी शोभाबाई धुवायची. तो वास दिवसभर नाकात बसायचा, स्वतःचा घास तोंडाशी नेतानाही.

पण त्याहून जास्त किळस यायची दिराची, उखाची. हा बारडोलीच्या साखर कारखान्यात. महिन्यातून एकदा केळी घेऊन यायचा, नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातच उभा राहायचा आणि म्हणायचा, "बाबानी माले वळखं! तुम्ही उगाच आजार आजार करता." बापाला पाच मिनिटं बघायचं, वहिनीला तासभर शिकवायचं, आणि आणलेली केळी स्वतःच खाऊन जायचं. शी!

या खेपेला म्हाताऱ्याने चार दिवस तोंडच उघडलं नव्हतं. घास पुढे केला की मान फिरवायचा, हात झटकायचा. रविवारी सकाळी उखा भाड्याची जीप घेऊनच आला.

"संध्याकाळपर्यंत खाल्लं तर राहू द्या. नाहीतर मी गावी नेतो. मागची खोली रिकामीच आहे, कडी लावली की झालं."

"गावाला त्यांचं कोण करणार?" शोभाबाईने विचारलं.

"देव करेल."

काय बोलावं या माणसाला! तिचा नवरा राघो खाली मान घालून नखं कुरतडत बसला होता. त्याचीही तिला तितकीच किळस आली.

ती तरातरा निघाली ती रश्मीताईंकडे. रश्मीताई बँकेत होत्या, पलीकडच्या सोसायटीत राहायच्या. त्यांची आई याच दुखण्याने गेली होती. असे रुग्ण घरात असलेली देशोदेशीची माणसं कॉम्प्युटरवरून एकमेकांना पत्रं लिहीत, आणि काही जाणत्या नर्सबाई त्यांना शिकवत. रश्मीताई दर शनिवारी रिंगरोडच्या सायबर कॅफेत जाऊन शोभाबाईचे प्रश्न इंग्रजीत धाडायच्या, उत्तरं छापून आणायच्या आणि मराठीत वाचून दाखवायच्या.

"भरवताना ते हात झटकतात असं मागच्या आठवड्यात लिहिलं होतं ना, त्याचं कालच उत्तर आलंय," त्या कागद काढत म्हणाल्या. "कॅनडातल्या नर्सबाई उलट तुलाच विचारतायत. भरवताना तू कुठे बसतेस? त्यांना तुझा चेहरा दिसतो का?"

शोभाबाई हसली. "कसा दिसेल, ताई? सासरा आहे ना माझा!"

लग्नाला वीस वर्षं झाली, सासऱ्यापुढे तिचा पदर नाकापर्यंतच. भरवतानाही ती बाजूला बसायची, तोंड भिंतीकडे, हात तेवढा पुढे.

"मग त्यांना काय दिसत असेल?" रश्मीताई म्हणाल्या. "एक लुगडं, आणि त्यातून तोंडावर येणारा हात. भीतीच वाटणार गं! नर्सबाई म्हणतात, समोर बस, चेहरा दिसू दे, नावाने हाक मार, मग घास दे."

म्हातारा हट्टी म्हणून चार दिवस शोभाबाई त्याच्यावर खेकसली होती. आता तिला त्या पदराचीच शिसारी आली.

घरी येऊन तिने मऊ भात कालवला. भिकनच्या अगदी समोर मांडी घातली आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला.

"वहिनी!" उखा ओरडला. "लाज सोडली का?"

"सोडली! बाप चार दिवस उपाशी आहे, त्याची लाज वाटली का तुम्हाला?"

मग सुनेने कधी घ्यायचं नसतं ते सासऱ्याचं नाव तिने घेतलं. लूमवरचे लोक घ्यायचे तसंच. "भिकनदादा, जेवता का?"

म्हातारा दचकला नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि त्याने तोंड उघडलं. एक घास गेला. मग दुसरा.

"सासऱ्याचं नाव घेते!" उखा दारातून बाहेर पचकन थुंकला. जीप परत पाठवली आणि केळी उचलून चालता झाला.

चौथ्या घासाला भिकन थांबला. शोभाबाईला नीट न्याहाळून त्याने विचारलं, "तू कोनी पोर शे वं?"

वीस वर्षं या घरात तिने भाकरी थापल्या होत्या. कोणाची पोर, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"शिरपूरकडच्या सुकलालची," ती म्हणाली, आणि पुढचा घास दिला.

त्याने घास गिळला आणि पुन्हा तेच विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.