गाडीतल्या रेडिओची खरखर

माझे वडील रोज सकाळी चहाचा कप घेऊन गाडीत बसत आणि कुठेही जात नसत.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर आबांनी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी बरीच वर्षं ऊस केला. पेरूच्या फांदीला ट्रान्झिस्टर अडकवून ते पिकाला पाणी पाजत. आई बांधावर चहा घेऊन येई आणि बातम्या संपेपर्यंत दोघं काही बोलत नसत. (संपल्यावरही फारसं बोलत नसत, पण शेजारी शेजारी बसून असत.) पुढे ट्रान्झिस्टर गेला, मग आई गेली. आबांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी त्यांना सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या घरी घेऊन आलो.

आमच्या घरात रेडिओ एकच, तो गाडीत. म्हणून आबा गाडीत.

गल्लीतून जाणारे विचारत, "आबा, निघालात का?"

"न्हाई. बातम्या लागल्यात."

एके सकाळी बातम्यांच्या जागी नुसती खरखर लागली. आबांनी बटण या अंगाला फिरवलं, त्या अंगाला फिरवलं. मग घरात येऊन कप खाली ठेवला.

"रेडिओ मेला. मी गावाकडं जातो."

"आबा, एवढ्याशा रेडिओसाठी?"

"मग हितं करू काय? तू कॉलेजात, सूनबाई बँकेत. भिंती काय बोलत्यात व्हय?"

हे मला लागलं. "आबा, रविवारपर्यंत थांबा. मी दुरुस्त करतो," असं मी बोलून गेलो. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. माझी बायको सुनंदा हिला आठवलं, पण ती माहेरची वाईची, चारचौघांत नवऱ्याला बोलत नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

सुरुवात फ्यूजपासून केली. सगळे फ्यूज उपसले, डॉक्टर एक्स-रे बघतात तसे उजेडात धरून पाहिले आणि परत बसवले. रेडिओ खरखरतच राहिला, पण हॉर्न बंद पडला. सांगलीत हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे मुक्या माणसानं भांडणात पडणं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे जोशी आले. "वायर लूज असणार, सर. पॅनेल उघडा," ते म्हणाले. गाडी त्यांची नसल्यामुळे त्यांच्या आवाजात मोठा आत्मविश्वास होता. आम्ही दोघांनी मिळून पॅनेल उचकटलं. निघालं अगदी सहज. परत बसेना. आत इतक्या रंगांच्या वायरी, की जोशी जरा वेळ नुसतेच नमस्कार केल्यासारखे हात जोडून उभे राहिले.

आबांनी खुर्ची मागवून घेतली आणि गाडीशेजारी बसले.

"आबा, फौजेत असं काही बिघडलं की तुम्ही काय करायचात?" जोशींनी विचारलं.

"वायरलेसवाल्याला बोलवायचो."

तोवर जोशीवहिनी पोहे घेऊन आल्या. आबांनी त्यांना बर्फात मोर्स कोडनं निरोप पाठवल्याची गोष्ट सांगितली. ती ऐकायला समोरचे दोघंतिघं आले आणि आले ते थांबले. संध्याकाळपर्यंत गाडीभोवती एखाद्या घरी सत्यनारायण असावा इतकी माणसं जमली होती. फरक इतकाच, की तिथं पूजा सांगणाऱ्याला पूजा येत असते.

शेवटी मी नवा सेट आणला. टच स्क्रीनवाला. दुकानदार "बसवून देतो" म्हणत होता, पण मी त्याला कशाला हात लावू देतोय? रविवारी सकाळपासून खपून मीच बसवला. स्क्रीन उजळला, एका बाईनं इंग्रजीत स्वागत केलं. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत रेडिओच्या चित्रावर बोट ठेवलं.

खरखर.

आबांनी कान देऊन ऐकलं. "पयल्यापरीस लय स्वच्छ ऐकू येतीया," ते म्हणाले.

तेवढ्यात सुनंदा गाडीचं कव्हर घेऊन आली. "झालं असेल तर हे घालते. आणि अहो, ती काडी परत लावलीत ना?"

"कुठली काडी?"

"टपावरची. अँटेना. तिनं कव्हर फाटत होतं, म्हणून काढून छत्र्यांच्या बादलीत ठेवलीय. तुम्हाला सांगितलं होतं की."

"कधी?"

"तुम्ही पेपर वाचत होतात. हं म्हणालात."

जोशींना अचानक गॅसवरचं दूध आठवलं आणि ते घाईनं निघून गेले. मी बादलीतून काडी आणून टपावर फिरवून बसवली. त्याबरोबर हळदीचे भाव अख्ख्या गल्लीला ऐकू गेले. म्हणजे जुना रेडिओ ठणठणीत होता. मी त्याचे चार भाग करून खोक्यात भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गाडीत दिसले नाहीत. खोलीत डोकावलो, तर कॉटवर त्यांची बॅग उघडी.

"आबा, रेडिओ लागतोय आता. तरी निघालात?"

"बस हितं," ते म्हणाले. मी कॉटवर बसलो. "रेडिओचं जाऊ दे रं. चार दिस गाडीभवती माणसं हुती. पोहे काय, गप्पा काय. तू बी कवा न्हाई ते घटकाभर माझ्यापाशी बसलास. लय बरं वाटलं."

बॅगेतले कपडे ते बाहेर काढत होते. एकेक घडी कपाटात ठेवत होते.

ठेवून झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, मिक्सर घरघरतोय म्हनत हुतीस न्हवं? ह्यालाच उघडाया दे. मी जात न्हाई गावाला."

सुनंदानं मिक्सर उचलला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.