दारांची चाल

गालफुग्यांचं खरं नाव थिएटरात फार थोड्यांना ठाऊक असावं. ट्रम्पेट वाजवताना त्यांचे गाल असे काही फुगत, की पहिल्या रांगेतली पोरं खेळ सोडून ते गाल आता कधी फुटतात याचीच वाट बघत बसत. तेच नाव पडलं आणि चिकटलं. बाकी माणूस साधा. दुपारी यायचं, रंगमंचापुढच्या खड्ड्यात आपल्या खुर्चीवर बसायचं आणि बँडमास्तरांच्या छडीकडे डोळे लावायचे. भांडण नाही, तंटा नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही फारशी नाही.

शहरात तेव्हा गाण्याबजावण्याला तोटा नव्हता आणि त्यातल्या वल्लींनाही. एक गायिका होती. कोणी उशिरा आला की ती गाणं तिथेच थांबवायची, तो खुर्चीत टेकेपर्यंत त्याला झाडायची आणि पुन्हा नेमक्या त्याच सुरावर गाणं उचलायची. एक पियानोवाले वाजवता वाजवता झोपत. बोटंही चालू आणि घोरणंही चालू. पण या सगळ्यांवर कडी होती ढगळ्यांची. अंगाच्या दुप्पट मापाचा कोट घालून रंगमंचावर येणारे हे विनोदी नट नुसते उभे राहिले तरी लोक हसत. माणूस वाईट नव्हता, पण हशा थांबला की त्याला श्वास घेता येत नसे.

या थिएटरातली एक गोष्ट मात्र बाहेर कोणालाच माहीत नव्हती. तिला ‘दारांची चाल’ म्हणत. फार पूर्वी दुसऱ्या एका थिएटरात कोणीतरी ‘आग!’ म्हणून ओरडलं होतं. आग किरकोळ, बादलीभर पाण्यात विझली. माणसं मात्र जिन्यात चेंगरून मेली. ते डोळ्यांनी पाहिलेल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांनी इथे आल्यावर एक चाल बांधली. आग लागली तर कोणी ओरडायचं नाही. बँडने ही चाल वाजवायची, दारवानांनी ती ऐकताच सगळी दारं उघडायची आणि लोकांना हसत बोलत बाहेर काढायचं. लोकांनी घाबरू नये म्हणून म्हाताऱ्याने ती मुद्दाम आनंदी केली होती, पायाने आपोआप ठेका धरावा अशी. ती कागदावर कुठेच नव्हती. नवा माणूस, मग तो वादक असो की झाडूवाला, कामावर आला की त्या वेळचे बँडमास्तर त्याला खोलीत नेऊन दार लावत आणि त्याच्या कानाशी ती गुणगुणत. एरवी ती तोंडातून काढायची नाही, असा सक्त दंडक होता.

गालफुग्यांना ती पहिल्यांदा ऐकवली गेली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. इतकी हसरी चाल, आणि ती आगीसाठी! घरी दाढी करताना ते दुनियेतलं सगळं गुणगुणत, पण ती कधी नाही.

त्यांच्या भीतीला कारणही होतं. त्यांची बायको त्याच थिएटरात वरच्या गॅलरीत सोड्याच्या बाटल्या विकायची. गॅलरी उतरायला एकच जिना, तोही अरुंद. ही बाई तोंडाने फटकळ, पायाने दुखरी. बाटल्यांची जड जाळी घेऊन बाकांमधून वरखाली करायची आणि घरी आल्यावर पाय चोळत म्हणायची, “तुमचे गाल आणि माझे गुडघे एकाच दिवशी रिटायर होणार बघा.”

“अगं, खाली मागून घे ना जागा. मालकांना विचार,” ते म्हणत.

“खाली मालकांचा मेहुणा विकतो. तुम्ही विचाराल मालकांना?”

यावर गालफुगे तेलाची बाटली तिच्यापुढे सरकवत.

आणि मग एके दिवशी ढगळ्यांचा खेळ पडला. नवं गाणं होतं, घरमालकावरचं. पहिलं कडवं गेलं, कोणी हसेना. दुसरं गेलं, मागून कोणीतरी जांभई दिली, ती पार रंगमंचापर्यंत ऐकू आली. ढगळ्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी गाण्याची चाल सोडली, शब्द तेच ठेवले आणि डोक्यात जी पहिली चाल आली तिच्यावर ते घरमालकाला बसवून मोकळे झाले. ती दारांची चाल होती.

दारवान ताडकन उठले. धडाधड दारं उघडली, पडदेवाल्याने वाळूची बादली उचलली, सोडावाली बाई वरून लोकांना उठवू लागली. गालफुग्यांचे डोळे गॅलरीवर खिळले होते. इकडे प्रेक्षक मात्र पाय आपटून ठेका धरत होते. त्यांना वाटलं, हाही विनोदाचाच भाग. त्यांनी ढगळ्यांकडून ते गाणं तीनदा म्हणवून घेतलं. आठवडाभरात ते शहरभर झालं. शाळेत जाणारी पोरं ते म्हणत, दुकानांच्या पायऱ्यांवर लोक ते शिट्टीवर वाजवत.

ढगळे बँडमास्तरांच्या पाया पडले, रडले, पुन्हा गाणार नाही म्हणाले. मालकांनीच त्यांना उठवलं. “अहो, रडता काय? रोज गायचं! थिएटर ओसंडून वाहतंय.”

“आणि आग लागली तर?” हे विचारलं गालफुग्यांनी. त्यांच्या तोंडून मालकांसमोर निघालेलं हे पहिलंच वाक्य असेल.

“तर दुसरी चाल बांधा. चालींचा काय दुष्काळ पडलाय?”

दुष्काळ चालींचा नव्हता, अकलेचा होता. बँडमास्तरांनी एक चाल बांधली, मालक म्हणाले, ही रडकी आहे, लोक घाबरतील. दुसरी बांधली, तर ती इतकी झकास झाली की सगळ्यांनी ढगळ्यांकडे संशयाने पाहिलं. मग बँडमास्तर रुसले. मग मोसम ऐन भरात आला. गालफुगे अधूनमधून विचारत, “मास्तर, त्या चालीचं काय झालं?” उत्तर ठरलेलं, “बघू.” पुढे पुढे खड्ड्यातले वादकच त्यांची टिंगल करू लागले. “काय गालफुगे, आज जळायचं का?” ते कसनुसं हसत आणि मान खाली घालत. तिथे त्यांनी खुर्ची आपटून उठायला हवं होतं. पण ज्यांचा आवाज ट्रम्पेटमधूनच निघतो, त्यांचं हे असंच होतं.

पहिले काही दिवस दारवान त्या गाण्याला दचकायचे. मग नुसते मान वर करायचे. पुढे तेही बंद झालं. गाणं सुरू झालं की ते दाराबाहेर विडी ओढायला जाऊ लागले. रंगमंचावरची झालर वरच्या दिव्यांपाशी तपकिरी पडली होती. खेळ रंगात आला की खड्ड्यात इस्त्री करपल्यासारखा वास यायचा. गालफुगे नाक वर करून हुंगत आणि शेजारचा वादक कोपराने ढोसून समोरच्या नोटेशनकडे बोट दाखवत म्हणे, “पानं बघा, पानं.”

तो खेळ दुपारचा होता. गॅलरीपर्यंत मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढगळ्यांचं गाणं चालू होतं, लोक तेच कडवं पुन्हा मागत होते आणि बँड दणक्यात दारांची चाल वाजवत होता. गालफुग्यांनी श्वास घ्यायला मान वर केली आणि त्यांना झालरीच्या कडेला धूर दिसला. पातळ, गरम चहाच्या कपातून निघावा तेवढा. त्याच्या पोटात लाल ठिपका.

बँडमास्तरांनीही तो पाहिला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ठरलेली खूण म्हणून त्यांनी डावा हात छातीवर ठेवला, म्हणजे दारांची चाल वाजवा. वादक एकमेकांकडे बघू लागले. तीच तर वाजवत होते! बिचारे आणखी जोरात वाजवू लागले. प्रेक्षक आणखी खूश झाले. दारवान बाहेर विडी ओढत होते.

ओरडावं, तर तो जिना. गालफुग्यांना एकदम कळलं की या शहरातल्या माणसांना उठवून घरी पाठवणारी आता एकच चाल उरली आहे. निरोपाची. प्रत्येक खेळाच्या शेवटी ती वाजते, दारवान सवयीने दारं उघडतात, लोक सवयीने छत्र्या शोधू लागतात. आणि त्याच क्षणी त्यांना दुसरंही काही कळलं. निरोपाची चाल वाजली की सगळी गॅलरी खाली उतरते आणि एकच माणूस उलटं वर चढतं. सोडावाली बाई. शेवटच्या रांगेपासून रिकाम्या बाटल्या गोळा करत यायचं, हा तिचा नेम होता.

ते उभे राहिले. खेळ चालू असताना खड्ड्यात उभा राहिलेला वादक कोणी पाहिला नव्हता. ट्रम्पेट ओठाला लावून त्यांनी एकट्यानेच निरोपाची चाल सुरू केली, सगळ्या बँडच्या वर.

गाणं कोसळलं. “ए, काय चाललंय!” लोक ओरडले. ढगळे क्षणभर भांबावले, मग त्यांची नजर वर गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ते हशा न घेता थांबले. पुढे आले, त्या ढगळ कोटाची टोकं धरून खाली वाकले आणि खेळ संपल्यासारखा नमस्कार करून तसेच वाकून राहिले. बँड निरोपाच्या चालीत सामील झाला. दारं उघडली. लोक शिव्या घालत का होईना, पण उठले.

वर कठड्याशी बायको उभी होती, हातात जाळी. तिने नवऱ्याकडे बघून हाताने विचारलं, इतक्यात? गालफुग्यांचं तोंड ट्रम्पेटमध्ये होतं. त्यांनी मान हलवली, नाही, नाही. डोळे फाडून जिन्याकडे बघितलं. ते नेहमीच मान हलवून वाजवत. तिने समजल्यासारखा हात केला आणि वळून वर चढू लागली.

एकदा त्यांनी सूर सोडला आणि त्यांच्यामागे वाजवणारा सगळा बँडही थांबला. तोंड उघडून तिला हाक मारणार, एवढ्यात जिन्याच्या तोंडाशी लोक थबकले, काही परत वळले. खेळ पुन्हा सुरू होतोय असं त्यांना वाटलं. मागचे पुढच्यांवर आदळले, कोणाचं तरी पोर किंचाळलं. गालफुग्यांनी ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि सूर मात्र सरळ निघत होता. गॅलरीच्या जिन्यावरून शेवटची टोपी खाली उतरेपर्यंत ते वाजवत राहिले.

मग ते धावले. तोवर झालर सुटून पडद्यावर पडली होती आणि धुराने सगळं छत व्यापलं होतं. जिन्याच्या अर्ध्यावर ढगळ्यांनी त्यांना मागून मिठी मारून धरलं, नाहीतर तेही गेले असते. बायको शेवटच्या रांगेत सापडली. जाळीत बाटल्या नीट लावलेल्या होत्या.

त्या आगीची गोष्ट शहरात अजून सांगतात. खचाखच भरलेलं थिएटर, आणि प्रेक्षकांपैकी एकालाही साधं खरचटलं नाही, असं मोठ्या कौतुकाने सांगतात. खोटं नाही ते. ती प्रेक्षक नव्हती, नोकर होती, म्हणून मोजणीत येत नाही, एवढंच. ढगळ्यांनी ते गाणं पुन्हा तोंडात घेतलं नाही, पण लोकांनी कुठे सोडलं? अजूनही चार माणसं जमली की म्हणतात, पायाने ठेका धरून.

वर्षभराने गालफुग्यांचा सत्कार झाला. मालक होते, बँडमास्तर होते, भाषणं झाली. शेवटी कोणीतरी कुठूनसं एक ट्रम्पेट आणून त्यांच्यापुढे धरलं. सभागृह टाळ्या वाजवू लागलं. निरोपाची चाल एकदा होऊन जाऊ दे, मास्तरही म्हणाले.

गालफुग्यांनी हात मागे घेतले.

“नको,” ते म्हणाले. “ती वाजली की ही वर जाते.”