दारावरचा कागद

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आम्हा नर्सेसची पाळी दर आठवड्याला बदलते. सध्या नाईट. सकाळी राजारामपुरीतल्या घरी आले आणि दारावर कागद चिकटवला: 'रात्रपाळी करून झोपले आहे. बेल वाजवू नये.'

अकराला बेल. वरच्या मजल्यावरच्या काकू, बीपीचं मशीन घेऊन. "जरा बघ की गं."

मी कागदाकडे बोट दाखवलं.

"वाचला की. म्हणून तर आले. तू घरात हाईस ते कळलं."

बीपी नॉर्मल होतं. माझी झोप गेली ती गेलीच. खरंच शिसारी आली. दिवसा झोपणारी बाई यांना रिकामीच वाटते.

आज परत नाईट आहे. मिटत्या डोळ्यांनी मी ज्याचं इंजेक्शन भरणार, तो पेशंट तुमच्या घरचा असला तर चालेल?